विश्वामित्रीकाठची मोहोळं

साल १८९४. पाडवा होऊन आठवडा झालाय. तुम्ही बडोद्याच्या कमाटी बागेत उभे आहात आणि सकाळचं ऊन अजून सोसण्यासारखं आहे. बाग लोकांसाठी खुली झाली त्याला पंधरा वर्षं झाली. म्युझियमची नवी इमारत यंदाच उभी राहते आहे. इंग्लंडातल्या क्यूच्या बागेत शिकून आलेले क्रुम्बीगेल साहेब गेल्या सालापासून सयाजीराव महाराजांच्या बागांचं काम पाहतात, त्यामुळे मेंदीची कुंपणं सुतात कापलेली आहेत. विश्वामित्री बागेतूनच वाहते, पण उन्हाळ्यानं तिचं पाणी पार तळाला गेलंय. तुमच्या डोक्यावर पागोटं आहे, पायात वहाणा आहेत. एवढ्यावर तुम्हाला इथं कुणी हटकत नाही.

पखालीवाल्याशी बोलत उभा असलेला म्हातारा माळी तुम्हाला हाक मारतो. देशावरून आलेला माणूस, बोलणं घाटाकडचं. कुंपणाच्या एका कोपऱ्यात कात्री न चालवता त्यानं हातभर झुडूप तसंच राखलंय.

"हितं बसा. सावली त्यांच्यावर पडू देऊ नका," तो म्हणतो. "फुलोरी हाय. हिचं काय भ्या न्हाई. फकस्त तोंडाचा वारा घालू नका."

तुम्ही बसता. आधी काहीच दिसत नाही. मग नजर बसते आणि पानाआडचा तपकिरी गोळा हलतोय हे कळतं. तळहाताएवढं एकच पोळं, आणि त्यावर माश्यांचे थरावर थर. माशी घरातल्या माशीहून फार मोठी नाही. पोटाचा पुढचा भाग विटकरी, मागे काळे-पांढरे पट्टे. पोळं फांदीला नुसतं चिकटवलेलं नाही. फांदी त्याच्या माथ्यातून आरपार गेली आहे. माथा फुगीर आहे, त्यात मध. खाली पिल्लांची घरं.

फांदीकडे नीट पाहा. पोळ्याच्या दोन्ही अंगांना, बोटाच्या रुंदीएवढ्या जागेत, फांदी ओली चकाकते आहे. झाडांचा चीक गोळा करून माश्यांनी तिथं कडी घातली आहेत. एक काळी मुंगी फांदीवरून येते, कड्यापाशी थांबते, एक पाय टाकते, सोडवून घेते, परत टाकते आणि वळते. फुलोरीला दार नाही, भिंत नाही, पोकळी नाही. उघड्यावर संसार करायचा तर मुंगीचा बंदोबस्त असाच करावा लागतो. पाच मिनिटांत तीन मुंग्या तुमच्यासमोर परत जातात.

आता माथ्यावरची सपाट जागा बघा. बाहेरून आलेली एक माशी तिथं उतरते. शेपटीकडचा भाग थरथरवत ती सरळ रेषेत पुढं पळते, थांबते, डावीकडून वळसा घेऊन मूळ जागी येते, पुन्हा तीच रेषा, मग उजवीकडून वळसा. चारपाच जणी मिशा तिच्या अंगाला लावून मागे मागे धावतात. थोड्या वेळानं त्यांतली एक उडते. मग दुसरी.

"नाचत्यात रोज," माळी म्हणतो. "पोटभर मिळाल्यावर कोण नाचायचं न्हाई?"

त्याच्या कमरेच्या बटव्यात रंगपंचमीचा उरलेला गुलाल आहे. तुम्ही चिमूटभर मागता. दीडदोनशे पावलांवर, नदीच्या कडेला, कडुलिंब मोहरलाय; खालच्या फांद्यांवर फुलोरीची झुंबड आहे. फुलात तोंड घालून बसलेल्या आठदहा माश्यांवर तुम्ही गुलाल झटकता आणि झपाझप कुंपणाशी परत येता. माळी हसत बसलेला असतो. काही वेळानं त्याचं हसू थांबतं. पाठीवर गुलाबी डाग असलेली एक माशी माथ्यावर उतरली आहे आणि थरथरत पळते आहे. तिचं तोंड कुठं आहे? मधे झुडपं आहेत, इथून कडुलिंब दिसत नाही, पण तुम्हा दोघांना तो कुठं उभा आहे हे ठाऊक आहे. रेषा सरळ त्याच्याकडे जाते. वळसा घेऊन ती परत येते, आणि पुन्हा तिकडेच.

"म्हंजे वाट सांगती व्हय," माळी म्हणतो आणि पखालीवाल्याला हाक मारून कामाला लागतो.

या घटकेला कार्ल फॉन फ्रिश व्हिएन्नात सात वर्षांचा मुलगा आहे. मधमाशीचा नाच ही एक प्रकारची बोली आहे हे तो पुढं दाखवील, आणि १९७३ साली त्याला नोबेल मिळेल. त्यानं आयुष्यभर अभ्यासली ती पोकळीत, अंधारात घर करणारी युरोपातली माशी. ती उभ्या पोळ्यावर नाचते. सूर्याशी फुलांचा जो कोन होतो, तोच कोन ती सरळ वरच्या दिशेशी धरते. फुलोरीला असं भाषांतर लागत नाही. ती आडव्या माथ्यावर, उघड्या आभाळाखाली नाचते आणि तोंड थेट फुलांकडेच करते. फ्रिशचा शिष्य मार्टिन लिंडाउअर हे पाहायला १९५० च्या दशकात मुद्दाम सिलोनला गेला. सपाट जागा काढून घेतली की फुलोरीचा नाच कसा बिघडतो, तेही त्यानं तपासलं. मला मात्र असं वाटत नाही की त्याआधी हे कुणाच्याच डोळ्यांना दिसलं नव्हतं. आपल्याकडचे गुराखी, माळी, रानातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या या पोळ्यांशेजारी बसलेली आहेत. त्यांनी पाहिलेलं कागदावर उतरलं नाही, इतकंच.

आता मागे चला. एक हजार ब्याऐंशी वर्षं.

म्युझियम नाही, कुंपण नाही. शके ७३४, म्हणजे इसवी सन ८१२. नदी तीच, काठावर दाट वड. राष्ट्रकूटांच्या गुजरात शाखेचा कर्कराज सुवर्णवर्ष वटपद्रक नावाचं गाव एका ब्राह्मणाला दान देतो आहे आणि ते ताम्रपटावर कोरलं जातं आहे. दानाचं गाव लहान आहे; खरं नगर नदीपलीकडे, अंकोट्टक. तुमच्या काळात त्याला अकोटा म्हणतील. तिथल्या एका ओताऱ्याच्या पडवीत शिरा.

पडवीत मधाचा नाही, मेणाचा वास भरलाय. पूर्वेकडच्या डोंगरांतून, पावागढाच्या पलीकडून आलेल्या माणसांनी पानांत बांधून मेणाच्या वड्या आणल्या आहेत. हे मेण फुलोरीचं नव्हे. एवढ्याशा पोळ्यातून किती निघणार? हे आग्या मोहोळाचं. उंच झाडाच्या जाड फांदीखाली किंवा कड्याला टांगलेलं, तीनचार हात रुंद एकच पोळं. अंधाऱ्या रात्री धूर करून ते उतरवायचं, मध पिळायचा, चोथा पाण्यात उकळून गाळायचा, वर तरंगतं ते मेण.

ओतारी मेणात राळ मिसळतो आणि ते गोळे कोमट पाण्यात ठेवतो. मग एक गोळा घेऊन बोटांनी मळत बसतो. तुमच्यासमोर अर्ध्या तासात खांद्याची गोलाई येते, कमरेचा बाक येतो. मेणाचीच बारीक वळी करून तो मेखलेचे पदर चिकटवतो. चूक झाली तर अंगठ्यानं पुसतो. कांशाला असली मुभा कुठली? जे काही नाजूकपण यायचं, ते मेणातच यायचं. मग बारीक मातीचा पातळ लेप, वाळवण, दुसरा लेप, पुन्हा वाळवण, वर जाड माती. साचा तापवला की मेण वितळून वाहून जातं, आणि रिकाम्या जागेत धातूचा रस ओतला जातो. साचा फोडायचा. मूर्ती एकच निघते, दुसरी नाही. पुढं बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर 'मानसोल्लास'मध्ये ही रीत लिहून ठेवील. मेण तोलून त्याच्या किती पट धातू घ्यायचा, इथपर्यंत.

या मेणाचा उगम बघायचा तर माशीच्या पोटाखाली बघावं लागेल. घरातली कामं करणाऱ्या तरण्या माशीच्या पोटाखाली मेणग्रंथींच्या चार जोड्या असतात. त्यांतून अभ्रकाच्या कपरीएवढे पातळ, पांढुरके खवले बाहेर येतात. ती ते पायांनी काढते, जबड्यात चावून मऊ करते आणि षट्कोनाच्या भिंतीला लावते. ते तयार व्हायला मध खर्ची पडतो. एक किलो मेणासाठी सहासात किलो मध, असा मधपाळांचा ढोबळ हिशेब आहे. हजारो माश्यांनी हजारो फुलांवरून आणलेलं ओताऱ्याच्या हातात वडीच्या रूपानं येतं, आणि धातूला आकार देऊन आगीत जातं.

साधारण ११४० वर्षांनी, १९५१ च्या सुमारास, अकोट्याच्या जमिनीतून जैन कांस्यमूर्तींचा साठा निघेल. उमाकांत शाह त्यांचा अभ्यास करतील. त्या मूर्ती त्याच कमाटी बागेतल्या म्युझियममध्ये ठेवल्या जातील, जिथून तुम्ही आत्ताच आलात. त्यांतली चामरधारिणी पाहा. मान किंचित झुकलेली, ओठ भरीव, वस्त्राच्या चुण्या अंगाला चिकटलेल्या. मोठ्या अभिमानानं बडोदेकर पाहुण्यांना ती दाखवतात, आणि दाखवावीच. मी तिच्यापुढे उभा राहिलो की मला दरवेळी वाटतं, काचेजवळच्या पाटीवर काळ आहे, धर्म आहे, धातू आहे. मेण कुणाचं, तेवढं नाही. तिची प्रत्येक चुणी आधी मेणात होती.

तिथून उठा आणि १९५६ च्या होळीच्या संध्याकाळी उतरा. महाराजांच्या नावाचं विद्यापीठ सात वर्षांचं झालंय. १८८२ पासून उभा असलेला कॉलेजचा घुमट मावळतीच्या उजेडात तांबूस दिसतोय. पळस फुलून ओसरत आलाय. आवारातल्या एका जुन्या पिंपळाच्या आडव्या फांदीखाली आग्या मोहोळ आहे. तुम्ही पन्नास पावलं दूर बसा, जवळ नको. दुर्बीण असेल तर काढा.

दिवसभर इथं बसला असतात तर एक मजेची वाटणी दिसली असती. मधमाशीचं मीलन हवेत होतं. राणी आणि नर आपापल्या घरातून उडतात आणि वर भेटतात. इथल्या आभाळात तीन जातींचे नर आहेत, तरी एकमेकांत घोळ होत नाही, कारण त्यांनी दिवस वाटून घेतलाय. लंकेत केलेल्या निरीक्षणांत हे फार स्पष्ट दिसलं. फुलोरीचे नर भर दुपारी निघतात. झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत राहणाऱ्या सातेरीचे नर दुपार कलल्यावर. आणि आग्याचे नर थेट दिवेलागणीला.

आत्ता तीच वेळ आहे. सूर्य बुडालाय. पडद्यासारख्या लोंबणाऱ्या माश्यांतून मोठ्या डोळ्यांचे नर सुटू लागतात. आवाज आधी कळतो, सकाळच्या उड्डाणापेक्षा जाडसर, घुमणारा. अर्ध्या तासात सगळं आटोपतं आणि मोहोळ पुन्हा निश्चल होतं.

दांडिया बाजाराकडून बोंबा ऐकू येतात. होळ्या पेटल्या. थोडा धूर इकडेही येतो आणि मोहोळाचा सूर बदलतो. धुराची चाहूल लागली की माश्या आधी पोटात मध भरून घेतात, पळावं लागलं तर शिदोरी हवी म्हणून. वारा फिरतो, धूर जातो. पूर्णिमेचा चंद्र घुमटाच्या वर येतो. तुम्ही उठायला निघता, पण थांबा. मोहोळाच्या खालच्या टोकाला, जिथून माश्या ये-जा करतात, तिथं हालचाल आहे. एक माशी सुटते. मग एक येते. आग्या माशी चांदण्या रात्री चरायला बाहेर पडते. फ्रेड डायर नावाचा अमेरिकन संशोधक यावर १९८५ मध्ये लिहील: रात्रीही ती परत येऊन नाचते, आणि चंद्र समोर असतानाही दिशेचा हिशेब धरते तो जमिनीखाली गेलेल्या सूर्याचा. तो सूर्य तिला दिसत नाही. तो कुठं असेल हे तिला माहीत असतं. हे वाचून मला जे वाटलं ते आश्चर्याच्या पलीकडचं होतं. विद्यापीठाच्या आवारात होळीच्या रात्री कितीजण त्या झाडाखालून गेले असतील.

आणि आता तुमचा काळ. वैशाख, पारा चाळिशीच्या पुढे. गोत्री किंवा अलकापुरीकडची दहा मजल्यांची सोसायटी धरा. गच्चीवर पाण्याची सिमेंटची टाकी, आणि टाकीच्या बुडाला मोहोळ. वड राहिले नाहीत तिथं आग्या माशीनं टाकीचं बूड घेतलं. उंच, सावलीतलं, पावसाच्या थेंबांपासून आडोशाचं. तिच्या दृष्टीनं ती जाडजूड फांदीच आहे.

सोसायटीचे सेक्रेटरी वैतागलेत. पेस्ट कंट्रोलवाला रात्री येणार आहे. तक्रारी दोन आहेत. पहिली डंखाची, आणि ती खोटी नाही. आग्या माशी एकदा उठली की शेकड्यांनी उठते. एका डंखाबरोबर जो वास सुटतो, पिकल्या केळ्याचा, तो बाकीच्यांना तिथंच बोलावतो. दुसरी तक्रार पार्किंगमधली आहे: संध्याकाळी गाड्यांवर पिवळे थेंब पडतात.

त्या पिवळ्या थेंबांवरून दोन महासत्ता एकमेकींवर धावून गेल्या होत्या. १९८१ मध्ये अमेरिकेनं जाहीर आरोप केला की लाओस-कंबोडियात सोव्हिएत बनावटीचं विष आभाळातून टाकलं जातंय, 'पिवळा पाऊस' पडतोय. मॅथ्यू मेसेल्सन आणि थॉमस सीली यांनी ते डाग तपासले, जंगलात जाऊन पाहिलं. थेंबांत परागकण ठासून भरलेले होते. ती आग्या माश्यांची विष्ठा होती. हजारोंनी एकदम बाहेर पडून त्या पोट हलकं करून परत येतात. तुमच्या बोनटवरचा थेंब ओल्या फडक्यानं निघतो.

तुम्ही सेक्रेटरींना शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर नेता. हातात दुर्बीण देता. उन्हात एक गांधीलमाशी मोहोळासमोर घिरट्या घालते आहे, एखादी बाहेरची माशी उचलता येते का बघत. ती जवळ येते आणि मोहोळावरून एक चमक सर्रकन सरकून जाते, पिकल्या गव्हावरून वारा जावा तशी. पुन्हा जवळ येते, पुन्हा चमक. एकेक माशी क्षणभर पोट वर उचलते, शेजारची तिच्या पाठोपाठ, अशी शेकडोंची लाट सेकंदाच्या आत पडदा ओलांडून जाते. ऑस्ट्रियातल्या कास्टबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचं चित्रण करून २००८ मध्ये दाखवलं की या लाटांनी गांधीलमाशी खरोखर मागे हटते. एकही डंख नाही, एकही मेलेली नाही. सेक्रेटरी दुर्बीण खाली घेत नाहीत.

"पण माणसांना चावल्या तर?" ते विचारतात, अजून डोळे लावूनच.

तेही बोलून घ्यायला हवं. गच्चीला कुलूप. संध्याकाळी टाकीजवळचा दिवा बंद, कारण रात्री उजेडाकडे त्या झेपावतात आणि खोल्यांत शिरतात. गच्चीत धूर नाही, फटाके नाहीत, दगड तर नाहीच. कुणावर आल्याच तर हात न झाडता, तोंड झाकून बंद खोलीत पळायचं. पाण्यात उडी मारून उपयोग नाही, त्या वर वाट बघतात. डंख नखानं पटकन खरवडून काढायचा. जास्त चावल्या किंवा श्वास लागला तर सरळ दवाखाना. एवढं पाळलं तर दहा मजले आणि एक मोहोळ शेजारी राहू शकतात. रात्री औषध मारलं, तर सकाळी झाडूवाल्या मावशींना मेलेल्या माश्यांचे ढीग उचलावे लागतील, आणि न मेलेल्या माश्या त्यांनाच चावतील.

"मग किती दिवस?"

"फुलं आटली, पाऊस जवळ आला की उठतील."

"आणि पुढच्या वर्षी?"

पुढच्या वर्षीचं उत्तर आसामातून आलंय. तिथल्या मोहोळांची आनुवंशिक तपासणी २००० साली 'नेचर'मध्ये छापून आली. स्थलांतर करून गेलेल्या आग्या माश्यांच्या वसाहती मूळ जागी परतल्या होत्या, राणी तीच. एवढ्या मोठ्या प्रवासातून त्याच फांदीचा पत्ता त्यांना कसा लागतो, हे मी तुम्हाला समजावून सांगू शकत नाही. मोहोळ उठलं की मागे मेणाचा पट्टा राहतो, वर्षानुवर्षांच्या थरांनी काळा पडलेला. टेहळणीला येणाऱ्या माश्या अशा जुन्या खुणांवर उतरून बघतात.

सेक्रेटरी दुर्बीण परत देतात. पेस्ट कंट्रोलवाल्याचा नंबर काढून "आज नको" एवढंच सांगतात. मग दुसरा नंबर लावतात. पावसाआधी इमारतीला रंग काढायचा आहे.

"हो, टाकी पण," ते रंगाऱ्याला सांगतात. "फक्त बुडाला काळा पट्टा दिसेल, त्याला पत्रा लावून घासू नकोस. तेवढं सोडून रंगव."